मालक नसलेली पाळ

माझे वडील शाळामास्तर होते. त्यांनी पाटीवर गिरवून गिरवून माझं अक्षर चांगलं करून घेतलं. सासरी त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मी त्यांची कारकून झाले. दुपारची जेवणं झाली की ते ओसरीवर लोडाला टेकायचे. मी दाराच्या आतल्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर फळी ठेवून बसायची. ते सांगतील ते लिहून काढायची. लिहून झालं की वाचून दाखवायची.

माझ्या यजमानांना लिहिता येत होतं. पण मामाजी त्यांना लिहायला बसवत नसत. "तो मधात आपलं डोकं घालते," म्हणायचे. मी घालत नव्हते. सुनेला डोकं असतं ही गोष्ट त्या घरात कोणाच्या ध्यानातच आली नव्हती, आणि मीही ती आठवण करून दिली नव्हती.

मामाजी गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. चांदा जिल्ह्यात, गडचिरोलीकडे जाताना रस्ता सोडून आत जंगलाच्या कडेला आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला तलाव होता. मातीची लांब पाळ, तिच्या पायथ्याशी मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-बावीस कुडाची घरं, त्यांच्याखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि अगदी शेवटी नाला. तलाव मामाजींच्या आजोबांनी बांधला असं घरात सांगत. गावात विचारलं तर म्हातारी माणसं सांगत, जागा त्यांच्या आजोबांनी दाखवली, माती आमच्या आजोबांनी वाहिली.

दर उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची. घरटी एक माणूस आठ-दहा दिवस यायचा. टोपल्यांनी मुरूम वाहायचा, खचलेली जागा भरायची, घुशींची बिळं ठोकून बुजवायची. याबद्दल कोणी कोणाला काही देत नव्हतं. ज्याने माती टाकली त्याच्या बांधीला पाणी, ढिवरांना मासे, आणि मामाजींच्या शेताला सगळ्यांच्या आधी पाणी. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. ते उघडणं, बंद करणं, कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाऊ द्यायचं ते ठरवणं, हे काम एका वयस्क ढिवराकडे होतं. सगळं गाव त्याला पाणकर म्हणायचं. मी त्याला भाऊ म्हणायची. त्याची बायको आमच्या घरी पाणी भरायला यायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझी आई येऊन पोचली नव्हती, तेव्हा याच बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. एवढं सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कोणाच्या बाबतीत झालं ते कळायला हवं.

मग मालगुजारी जाणार अशी बातमी आली.

त्या उन्हाळ्यात मामाजींनी जे जे उभं होतं ते ते आडवं केलं. जंगल सरकारजमा होण्याआधी ठेकेदाराच्या गाड्या भरायच्या होत्या. दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज. आजूबाजूच्या सगळ्याच मालगुजारांनी तेच चालवलं होतं, त्यामुळे कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. पण जंगल संपल्यावर कुऱ्हाडी पाळीवर चढल्या. पाळीवर जांभळीची आणि येनाची थोराड झाडं होती, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. पाणकर धावत ओसरीपाशी आला. मी दारामागे होते.

"मालक, जंगल तोडलं थे ठीक हाय जी. पाळीवरचं नोका तोडू."

"काऊन?"

"झाड गेलं तं मुळ्या आत सडतीन. मुळी सडली का तिच्या जागी भोक राह्यते. पाळ आतून पोकळ होईन."

"झाड कोनाचं हाय?"

"तुमचंच जी."

"पाळ?"

पाणकराने पाळीकडे पाहिलं.

"मंग तू मले काय शिकवून राह्यला?" मामाजी म्हणाले.

झाडं पडली. बुंधे तेवढे राहिले.

मालगुजारी गेल्यावर चौकशी सुरू झाली, कोणता तलाव सरकारचा आणि कोणता खाजगी. मामाजींनी मला बसवलं. तो अर्ज मला आजही तोंडपाठ आहे. "सदर तलाव अर्जदाराच्या आजोबांनी स्वखर्चाने बांधला असून त्यावर अर्जदाराचा पूर्वापार कब्जा आहे. पाळीची डागडुजी अर्जदार दरसाल स्वतः करीत आला आहे." या वाक्याशी माझा टाक थांबला.

"थांबली काऊन?"

"डागडुजी तं गाव करते, मामाजी."

"अन् गाव कोनाचं होतं?"

मी लिहिलं. मला तेव्हा फार काही वाटलं नाही हे कबूल केलं पाहिजे. घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं, मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं.

दोनेक वर्षांनी हुकूम आला. तलाव खाजगी मालकीचा ठरला. मामाजींनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, तांबड्या कापडात गुंडाळला आणि लाकडी पेटीत ठेवायला दिला. पेटीची किल्ली माझ्याच कमरेला असायची. दुसऱ्या दिवशी कोतवालाने गावात दवंडी दिली, तलाव मालकाचा आहे, विचारल्याशिवाय कोणी जाळं टाकायचं नाही. ढिवरांच्या बाया आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाजी बाहेर आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात माती टाकायला कोणी आलं नाही. मामाजींनी निरोप पाठवला. उलटा निरोप आला, "तलाव तुमचा झाला ना जी? तं माती तुमीच टाका." यात काय चुकलं? मला तर काही चुकलेलं दिसलं नाही. मामाजी मात्र आठ दिवस धुमसत होते. गाव माजलं म्हणाले. आणि त्यांनी स्वतः एक टोपलं माती टाकून घेतली नाही. त्या उन्हाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या नाही, नंतर कधीच नाही. उलट मासे जास्त राहावेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर बल्ल्या रोवून, मातीचा लिंपा देऊन तो हातभर उंच केला. जास्तीचं पाणी निघून जायची ती एकच वाट होती. तीही अडवली. पाणकर परत आला, परत उभा राहिला, परत त्याला विचारलं गेलं की तलाव कोणाचा. तो तरी किती वेळा उत्तर देणार?

अशी काही वर्षं गेली. मला दुसरं मूल झालं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. बुंध्यांवर कुत्र्याच्या छत्र्या उगवायच्या आणि पायाने दाबलं तर लाकूड भुसभुशीत लागायचं. पाळीवर उन्हाळ्यात भेगा पडायच्या, त्यांत गुराख्यांच्या काठ्या अर्ध्याअधिक आत जायच्या.

त्या साली पोळ्याच्या आधी झड लागली. रात्रंदिवस पाऊस. तलाव काठोकाठ भरला. पाणकराची बायको तीन दिवस पाणी भरायला आली नाही. तापाने पडली असं कळलं. चौथ्या दिवशी मी तांदळाची पेज लोट्यात घेऊन ढिवरटोलीत गेले. मालगुजाराच्या सुनेने तिकडे जायची पद्धत नव्हती. सासूबाई झोपल्या होत्या म्हणून जमलं.

ती घोंगडीखाली कुडकुडत होती. मला पाहून उठायला लागली. मी तिला दाबून निजवलं आणि पेज पाजली. "तुमचं पानी कोन भरून राह्यलं?" तिने विचारलं. अंग भाजत होतं आणि तिला आमच्या रांजणांची काळजी. मी म्हटलं, "भरते कोनीतरी. तुमी झोपा बाई." तेवढ्यात पाणकर दारातून म्हणाला, "जरा मागं येऊन पाहा ना, बाई."

घराच्या मागे पाळीचा पायथा होता. तिथे जमीन ओली होती. पाऊस होता, ओली असणारच, असं मी मनात म्हणत होते. पण त्याने एका जागेवरचं गवत बाजूला केलं. मनगटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं. धार लहानच होती.

"झिरपते तं नेहमीच," मी म्हटलं.

"नितळ झिरपलं तं भेव नाई जी. हे पाहा." त्याने ओंजळीत पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं. तांबूस, गढूळ पाणी होतं. "पानी माती घेऊन येऊन राह्यलं. आतल्या आत पाळ खाऊन राह्यलं. वर येनाचा बुंधा हाय ना, बरोबर त्याच्या खाली."

"तुडूम उघडलं का?"

"पुरं उघडलं. तेवढ्यानं काय होते? सांडवा फोडाले पाह्यजे. मालक फोडू देत नाई. पटवाऱ्याकडं गेल्तो, तो म्हने तलाव खाजगी हाय, सरकारची कुदळ लागत नाई. तुमी सांगा, बाई. तुमचं आयकतीन."

माझं ऐकतील. त्याला असं का वाटलं असेल? मी कागदांपाशी बसते म्हणून.

मी घरी येऊन पाय धुतले आणि सरळ ओसरीच्या दाराशी जाऊन सांगितलं. मामाजींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, तू ढिवरटोलीत गेली कशाले?"

"मामाजी, पानी गढूळ येऊन राह्यलं. सांडवा फोडला तं..."

"सांडवा फोडला तं मासे नाल्यात जातीन. त्याईले तेच पाह्यजे. खाली जाळे घेऊन बसलेच असतीन सारे." आणि मग अगदी शांतपणे, "पुन्हा तिकडं जाऊ नोको."

यजमानांना सांगितलं. "मी बोलतो," ते म्हणाले. त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "आज मामला गरम हाय, उद्या पाहू." स्वभावाने फार गरीब माणूस, असं सगळे त्यांच्याबद्दल म्हणत. मीही म्हणायची. आता नाही म्हणत. वेळेला तोंड न उघडणाऱ्या माणसाला गरीब म्हणणं मी सोडून दिलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी झड उघडली. लख्ख ऊन पडलं. सगळ्यांना वाटलं धोका टळला. टोलीतली बाया-माणसं पोरांसकट वरच्या अंगाच्या, जंगलाकडच्या बांध्यांत निंदायला गेली, म्हणून वाचली. दुपार कलायच्या सुमाराला मी मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होते. आवाज आला. गडगडाट वगैरे नाही. ओल्या मातीची भिंत बसताना येतो तसा, जड, एकदाच. मग गुरं हंबरायला लागली. मी उंबरठ्यावर चढून पाहिलं तर ढिवरटोली दिसेना. तांबडं पाणी, आणि त्यावर छपरं, नीट शाकारलेली छपरं, एकामागून एक जात होती.

पाणकर तेव्हा पाळीवर होता. झड उघडल्यावरही पायथ्याची धार वाढत होती म्हणून त्याने कोणाला न विचारता कुदळ उचलली आणि सांडव्याच्या बल्ल्या उखडायला गेला. तीन बल्ल्या निघाल्या होत्या. त्याच्यापासून पन्नास पावलांवर, येनाच्या बुंध्यापाशी, पाळ खचली. त्याचं घर बरोबर तिथेच खाली होतं. बायको आत झोपली होती. त्याने वरून पाहिलं. त्याने काय पाहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी सापडली. नाल्याच्या वळणावर, पळसाच्या जाळीत. टोलीतलं दुसरं माणूस गेलं नाही. गुरं गेली, शेळ्या गेल्या, सगळी घरं गेली. खालच्या बांध्यांवर गुडघाभर रेती आणि गोटे येऊन बसले. गर्भात आलेला धान त्याखाली.

मामाजींनी ढिवरांना आमच्या गोठ्यात जागा दिली आणि कोठीतून तांदूळ काढून दिले. लोक म्हणाले मालक मोठ्या मनाचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. फळी आण म्हणाले.

मी फळी घेऊन बसले. गोठ्यातून लहान मुलांचं रडणं ऐकू येत होतं. मामाजी सांगायला लागले. "सदर तलाव मालगुजारी संपुष्टात आल्यापासून सरकारजमा असून त्याच्या देखभालीशी अर्जदाराचा संबंध नाही." मी मान वर केली. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, डोळ्यांमुळे. मी लिहिलं. पुढचं वाक्य, "गावाने नेमलेल्या पाणकराने तुडूम वेळेवर उघडले नाही, तसेच कुदळ घेऊन सांडव्याजवळ पाळीस इजा केली, त्यामुळे पाळ कमजोर होऊन फुटली."

तेही मी लिहिलं.

लोक मला विचारतात, म्हणजे माझ्या मुली विचारतात, का लिहिलंस? हात का नाही थांबला? मला माहीत नाही. तुडूम उघडलं होतं हे मला माहीत होतं. पाळ कुठे फुटली तेही माहीत होतं. चार दिवसांपूर्वी जिला पेज पाजली तिचं नाल्यावर क्रियाकर्म झालेलं मला माहीत होतं. तरी मी लिहिलं, वाचून दाखवलं आणि एके ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्तसुद्धा केली. त्या वेलांटीची मला आजही चीड येते. मामाजींनी अंदाजाने सही केली आणि कागद कोतवालाबरोबर तहसिलीत गेला.

दहाबारा दिवसांनी नायब तहसीलदार पंचनाम्याला आला. सोबत पटवारी. दोघं आमच्याच ओसरीवर बसले, आमचाच चहा प्याले. मामाजी लोडाला टेकलेले. यजमान खांबाशी उभे. अंगणात ढिवर मंडळी आणि रेतीखाली बांध्या गेलेले शेतकरी. पाणकराला पुढे उभं केलं. दहाबारा दिवसांत तो अर्धा झाला होता. मी दारामागून ऐकत होते.

"कुदळ घेऊन पाळीवर गेला होतास का?" साहेबाने विचारलं.

"गेल्तो जी."

"कोणाच्या हुकमाने?"

"कोनाच्याच नाई जी. पानी चढून राह्यलं होतं म्हनून..."

"विचारलं तेवढंच सांग. पाळ खोदलीस?"

"बल्ल्या काढल्या जी. पाळ नाई खोदली."

"सांडवा हा पाळीचाच भाग ना?"

उत्तराची वाट न पाहता साहेब लिहायला लागला. अंगणातून एकजण म्हणाला, "साहेब, तलाव मालकाचा हाय जी. दवंडी झालती." साहेब म्हणाला, "कागद आहे का?" पटवाऱ्याने वहीतून मान वर केली नाही. साहेबच पुढे म्हणाला, "त्या प्रकरणाची जुनी मिसल, सगळे कागद, नागपूरला असतील. आमच्याकडे असा काही हुकूम नाही. मालगुजारसाहेब म्हणतात तलाव सरकारचा. तुम्ही म्हणता यांचा. मी कागदावर चालतो." मग पटवाऱ्याकडे वळून म्हणाला, "याच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल असं दिसतं."

मामाजींनी मान हलवली. दुःखी माणसासारखी हलवली. ती हललेली मान मी दाराच्या फटीतून पाहिली आणि मला काय झालं कोण जाणे, माझे पाय आत गेले, मी पेटी उघडली, तांबडं कापड काढलं आणि ओसरीवर आले. दारातून नाही, पार पुढे, पुरुषांच्या मधोमध. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

"हा घ्या कागद," मी म्हटलं.

साहेब गोंधळला. "आपण कोण?"

"यांची सून. तलाव खाजगी मालकीचा असल्याचा हा हुकूम. यासाठी जो अर्ज केला होता तो मीच लिहिला होता. तुमच्याकडे आता आलेला अर्ज, ज्यात तलाव सरकारचा म्हटलाय, तोही मीच लिहिला. तुमच्यासमोर परत लिहून दाखवते, अक्षर जुळवून घ्या."

"सूनबाई, आत जा," मामाजी म्हणाले.

"पाळीवरची झाडं यांनी तोडली. सांडवा यांनी उंच केला. इतक्या वर्षांत एक टोपलं माती पडली नाही. पाणी गढूळ येतं म्हणून मी स्वतः येऊन सांगितलं, या ओसरीवर. पाणकराने तुडूम उघडलं होतं. त्याला सांडवा आधी फोडू दिला असता तर त्याची बायको जिवंत असती." माझा आवाज फाटला होता. डोक्यावरचा पदर खाली आला होता आणि मी तो परत घेतला नाही.

"येडी हाय ते," मामाजी साहेबाला म्हणाले. "बाळंतपनापासून अशीच करते."

मी यजमानांकडे पाहिलं. ते खांबाकडे पाहत होते.

साहेबाने कागद हातात घेतला, उलटून पाहिला, शिक्का पाहिला. चहाचा कप त्याने दूर सारला हे मला आठवतं. "हा आम्हाला कोणी दाखवला नाही," तो म्हणाला. मग पाणकराला बसायला सांगितलं.

पाणकरावर गुन्हा झाला नाही. माझ्या हातून झालेली ही एकच गोष्ट, आणि तीसुद्धा मी आधी बिघडवलेलीच होती. बाकी काय झालं? साहेबाने हुकुमाची नक्कल करून घेतली आणि प्रकरण वर पाठवलं. वर म्हणजे कुठे ते खुद्द पटवाऱ्याला माहीत नव्हतं. काही कागद नागपुरात, काही मुंबईला. कोणी म्हणे खाजगी पाळ फुटली तर मालकाला काय करायचं ते कायद्यात लिहिलेलंच नाही. कोणी म्हणे लिहिलंय, पण त्यासाठी ढिवरांनी दिवाणीत जावं. अंगावरच्या कपड्यांनिशी गोठ्यात राहणाऱ्या माणसांनी दिवाणीत जावं! पाळ बांधून द्या म्हणून गावाने अर्ज केला, तर उत्तर आलं की तलाव खाजगी असल्याने सरकारी कामात धरता येत नाही. मामाजींना विचारलं तर म्हणत, "सरकारानं मालगुजारी घेतली, आता पाळही सरकारानंच बांधावी."

मला चार दिवसांत बैलगाडीत घालून माहेरी पाठवलं. धाकटी मुलगी सोबत, मोठीला ठेवून घेतलं. वडिलांनी एक शब्द विचारला नाही. आई महिनाभर बोलली नाही. दहा महिने मी तिथे होते. मग सासूबाई आजारी पडल्या, घरात हात कमी पडायला लागले आणि यजमान न्यायला आले. "चल," एवढंच म्हणाले. मोठी मुलगी तिकडे होती, म्हणून गेले.

गाडी गावात शिरताना तलावापाशी आली आणि मला काही वेळ कळेनाच की मी काय पाहते आहे. पाळीला पडलेलं खिंडार तसंच होतं. पण त्याच्या आत, जिथे पाणी असायचं तिथे, नांगरटीच्या रेघा होत्या. कापून गेलेल्या गव्हाचे खुंट होते. कडेला लाखोरी डाळीच्या काड्यांचे ढीग.

"कोनी पेरलं हे?" मी विचारलं.

यजमान बैलांकडे पाहत म्हणाले, "बाबांनं. गाळाची जमीन हाय, चांगली पिकते."

"तलाव तं सरकारचा होता ना?"

"तो हुकूम तूच तं आनून दाखवला साऱ्यांसमोर," ते म्हणाले. त्यांना टोचून बोलायचं नव्हतं, जे झालं तेच सांगत होते. गावाने तलावाच्या पोटात गुरं चारायला नेली तर मामाजींनी तोच कागद दाखवला होता. पटवाऱ्याने मान डोलावली होती. खाजगी मालकी.  मी घरी जाऊन स्वयंपाक केला.

ढिवर तोवर गेले होते. मासे नाहीत, घरं नाहीत, राहून करणार काय? काही आलापल्लीकडे लाकूड तोडायला गेले, काही माजरीच्या कोळसा खाणीत. रेतीखालच्या बांध्यांचे मालक त्यांच्या मागोमाग. पाणकर मूल गावाच्या पलीकडे नदीकाठी आपल्या लेकीकडे गेला होता.

तो मला एकदाच भेटला. तीन-चार वर्षांनी मूलच्या बाजारात, भरदुपारी. पळसाच्या पानांवर मासे मांडून बसला होता. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. "बसा जी, बाई," म्हणून त्याने पोतं सरकवलं. मुलींची चौकशी केली. मीही त्याच्या लेकीची केली. मग मला राहवलं नाही.

"भाऊ, थो अर्ज मी लिहला होता. तुमच्यावरचा. तुमाले माहीत हाय ना?"

"हो जी. तुमीच सांगतलं ना त्या दिवशी."

"मले माफ करा, असं म्हनाची बी लाज वाटते."

त्याने माशांवर पाणी शिंपडलं. माश्या उडवल्या. "तुमी साहेबासमोर बोल्ल्या, थे मी विसरलो नाई," तो म्हणाला. "माहा जीव वाचला, जी. पन बाई, जवा लिहून राह्यल्या होत्या, तवा एकदा गोठ्यात येऊन गेल्या असत्या तं बरं झालं असतं. आमी तिथीच होतो. वीस पावलांवर."

मला त्याचा राग आला. खरं सांगते, त्या क्षणी आला. माझं घर सुटलं, दहा महिने लेकीपासून दूर राहिले, अजून त्या घरात मला कोणी नीट बोलत नाही, आणि हा वीस पावलं मोजतो! पण तो काही भांडायला बोलला नव्हता. तेवढ्यात बाजूच्या बाईने भाव विचारला, तो तिच्याशी बोलायला लागला. मी पोत्यावर बसून राहिले. ओसरीपासून गोठ्यापर्यंत खरंच वीसच पावलं होती.